मिठाचं पाणी, वाफ आणि काही पक्के गैरसमज

मिठाचं पाणी गाळलं की मीठ गाळणकागदावर राहतं, असं उत्तर सहावी-सातवीच्या वह्यांत हमखास सापडतं. ते चूक आहे. वाळू राहील, चहाची पत्ती राहील, मीठ राहणार नाही. विरघळताना मिठातले सोडिअम आणि क्लोराइड आयन सुटे होतात, आणि कागदाची छिद्रं त्यांच्या हजारो पट मोठी असतात. घरी साधं मीठ आणि पिण्याचं पाणी घेऊन करून पाहा, गाळलेलं पाणी तेवढंच खारट लागेल. (शाळेच्या प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही.)

मीठ परत हवं तर पाणी उडवावं लागतं. पण त्यासाठी ते उकळलंच पाहिजे, हा दुसरा गैरसमज. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, तेव्हा आतूनही वाफेचे बुडबुडे उठतात. बाष्पीभवन मात्र फक्त पृष्ठभागावर आणि कुठल्याही तापमानाला चालू असतं. उरण-पेणकडच्या मिठागरांत कुठे चूल पेटवलेली असते? भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि बाकीचं काम ऊन-वाऱ्यावर सोपवायचं. वाफे उथळ ठेवतात, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितकं पाणी लवकर उडतं. पाऊस यायच्या आत हंगाम उरकावा लागतो, नाहीतर तयार झालेलं मीठ पुन्हा विरघळतं.

मिठागर नीट पाहिलं तर आणखी एक चुकीची समजूत दूर होते. समुद्राचं सगळं पाणी आटवलं की खाली उरतं ते मीठ, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात खाण्याचं मीठ साधारण २७ ग्रॅम. पाणी आटू लागलं की आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतात. मीठ बसायला लागतं ते पाणी मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर आल्यावर. मॅग्नेशिअमचे क्षार सगळ्यात शेवटपर्यंत विरघळलेले राहतात आणि ते कडू असतात. म्हणून पाणी पूर्ण सुकू न देता मीठ आधीच ओढून घेतात आणि उरलेलं कडवट पाणी वेगळं काढतात. कधी थांबायचं, हे ओळखण्यातच आगरावरच्या माणसाचं कसब आहे. पुस्तकात ‘बाष्पीभवन’ या एका शब्दात हे सगळं उरकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

आता वाफेकडे वळू. किटलीच्या तोटीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब असतात. पाण्याची वाफ दिसत नाही. तोटीच्या अगदी तोंडाशी एक छोटी मोकळी जागा दिसते, खरी वाफ तिथे असते. तिथे हात नेऊ नका. १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून वाफ उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट भाजते. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ धरून थंड करताना, संघनकात ही उष्णता सतत वाहून न्यावी लागते. त्यासाठी वाफेच्या नळीभोवतीच्या बाहेरच्या नळीत नळाचं थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर सोडतात. उलट जोडलं तर बाहेरची नळी पूर्ण भरत नाही आणि वाफ नीट थंड होत नाही.

सरबताच्या थंड पेल्याबाहेरचे थेंब काचेतून झिरपत नाहीत. झिरपले असते तर ते गोड लागले असते. ती हवेतलीच वाफ असते, गार काचेवर तिचं संघनन होतं.

ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणातून ५६ अंशांना, म्हणजे ॲसिटोनच्या उत्कलनबिंदूला, फक्त ॲसिटोन उडतं, हेही खरं नाही. वाफेत दोन्ही असतात, ॲसिटोन खूप जास्त, पाणी थोडं. म्हणूनच उत्कलनबिंदू जवळजवळ असले की एकदा वाफ करून भागत नाही, भागशः ऊर्ध्वपातन करावं लागतं.

परीक्षेत ‘कोणती पद्धत वापराल?’ असा प्रश्न आला, तर आधी बघा की मिश्रणातलं काय परत हवं आहे. फक्त मीठ हवं असेल तर बाष्पीभवन पुरे. पाणीही हवं असेल तर वाफ धरून थंड करा आणि उत्तरात ऊर्ध्वपातन लिहा.