हात अनेक, नाव एक

जळगाव किंवा धुळ्यात भरणारे समूह चित्रप्रदर्शन बहुतेक वेळा हिशेबातून जन्माला येते. मुंबईचे जहांगीर कलादालन तीनशे-चारशे किलोमीटर दूर. तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, शिवाय चित्रांची ने-आण, राहणे, फ्रेमिंग हा खर्च वेगळाच. इथे चित्र काढणाऱ्यांत मोठा भरणा शाळा-महाविद्यालयांतल्या कलाशिक्षकांचा. मग आठ-दहा जण मिळून हॉल घेतात, भाडे वाटून घेतात, पत्रिका एकच छापतात. यात गैर काही नाही. गावात चित्रे पाहायला मिळतात ती अशाच खटपटीमुळे. पण पत्रिकेवर जेव्हा ‘सामूहिक आविष्कार’ असे शब्द येतात, तेव्हा जरा थबकावे लागते. एकाच एसटीत बसलेले सगळे एकाच लग्नाला निघालेले नसतात. शेजारी-शेजारी चित्रे टांगणे आणि एकच काम अनेक हातांनी करणे यांत मोठे अंतर आहे. माझे म्हणणे असे की दुसरा प्रकार दुर्मीळ आणि मोलाचा आहे, आणि तो करायचा असेल तर कुणी काय केले हे भिंतीवर स्पष्ट लिहिले पाहिजे. हा निव्वळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. नाव न लिहिल्याने काय होते याचा पुरावा खानदेशच्या उंबरठ्यावर, अजिंठ्याच्या डोंगरात पंधराशे वर्षे पडून आहे.

अजिंठ्याची भिंत हे सहकार्याचे काम आहे याबद्दल वाद नाही. कातळ खोदणारे वेगळे, माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मळून गिलावा चढवणारे वेगळे, त्यावर पांढरा हात फिरवणारे वेगळे, मग रेषा आणि रंग. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळण्याजोगे; पण निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड अफगाणिस्तानाच्या दिशेने येणार, म्हणजे साखळीत व्यापारीही आला. वाळलेल्या गिलाव्यावर हे रंगकाम झाले आहे. काही ठिकाणी रेषा इतकी सुटी आणि खात्रीची आहे, आणि काही ठिकाणी इतकी घोटीव, की एकाच लेण्यात निरनिराळे हात फिरले असावेत असे मानायला जागा आहे. आता नावे पाहा. क्रमांक १६ च्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचे नाव कोरलेले आहे. क्रमांक १७ च्या लेखात एका मांडलिक राजघराण्याची वंशावळ आहे, धाकट्या भावाच्या मृत्यूचे दुःखही आहे. या घराण्याचा प्रदेश ‘ऋषिक’ म्हणजे आजचा खानदेश, अशी ओळख इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडली. दात्याचे नाव आहे, त्याच्या पूर्वजांची नावे आहेत. ज्यांच्यासाठी जग तिथे जाते ती चित्रे रंगवणाऱ्यांची नावे मात्र दानलेखांत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भारदस्त आहे. आपल्या परंपरेत कलावंत स्वतःला विसरून काम करत असे, नावाचा हव्यास ही आधुनिक खोड आहे, असे म्हटले जाते. ऐकायला छान वाटते. पण ज्या भिंतीवर दात्याला नाव कोरायला जागा मिळाली, तिथे चित्रकाराला ती मिळाली नाही, याला निरहंकार म्हणणे म्हणजे व्यवस्थेला गुण समजणे आहे. कलावंताने नाव नको म्हटले असा पुरावा आपल्याकडे नाही. नाव राहिले नाही एवढाच आहे. निरिच्छपणा स्वतःहून पत्करलेला असेल तर वंदनीय. तो दुसऱ्याने आपल्यावर लादला तर त्याला वेगळा शब्द शोधावा लागेल.

त्याच भिंतींची दुसरी कहाणी एकोणिसाव्या शतकातली. १८४४ मध्ये मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल प्रती काढण्यासाठी नेमला गेला. अनेक वर्षे खपून त्याने केलेल्या मोठ्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. (गिलची कबर भुसावळला आहे, लेणी पाहायला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असते कोण जाणे.) मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. हे काम मध्ये खंड पडत १८८५ पर्यंत चालले आणि तीनशेच्या आसपास प्रती तयार झाल्या. अंधाऱ्या लेण्यात उभे राहायचे, झिजलेली रेषा नेमकी कुठे संपते ते ठरवायचे, आणि तैलरंगात कॅनव्हासवर उतरवायचे. हे नुसते नकलेचे काम नव्हे, प्रत्येक इंचाला निर्णय होता. ते निर्णय विशी-पंचविशीतल्या भारतीय मुलांनी घेतले. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड निघाले, त्यांच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या ग्रिफिथ्स यांचे. बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रांवर त्या काळी चढवलेल्या व्हार्निशची तक्रार आजही होते, आणि तीही ग्रिफिथ्स यांच्याच नावावर. श्रेय एका नावावर गोळा झाले की दोषही तिथेच गोळा होतो. ब्रश कुणी फिरवला, हरकत कुणी घेतली, हे मग कळायला वाटच उरत नाही.

याउलट उदाहरणही त्याच लेण्यांतले आहे. १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने जो चमू जमवला, त्यात कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त होते; हैदराबादेकडून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने या प्रतींचे पुस्तक काढले, तेव्हा या सहकाऱ्यांची नावे पुसली गेली नाहीत. परिणाम पाहण्यासारखा आहे. हालदारांनी अजिंठ्यावर बंगालीत पुस्तक लिहिले, नंदलालांच्या पुढच्या भित्तिचित्रांत अजिंठा कुठून आला हे अभ्यासकांना नेमके दाखवता येते, आणि सय्यद अहमद पुढे निजामाच्या राज्यात याच लेण्यांचे अभिरक्षक झाले. म्हणजे नावे नोंदवल्याने चमू फुटला नाही. उलट त्या कामाचे धागे पुढे कुठे गेले, हे शोधता येते.

दुसरा आक्षेप खास खानदेशी आहे: कला ही एकट्याची साधना, आणि त्याला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस साक्षी. १९१२ साली जन्मलेला हा माणूस इंग्लंडहून शिकून आला आणि रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे राहिला, घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाशाचा खेळ करून त्यांनी काढलेली ‘टेबलटॉप’ छायाचित्रे बर्फाळ डोंगर नाहीतर निर्जन वाटा वाटतात. ते काम समितीने झाले नसते, हे मान्यच. सामूहिक काम एकट्याच्या कामापेक्षा श्रेष्ठ असा माझा दावा नाही. पण १९८९ मध्ये मूस गेले, त्यानंतर ते घर आणि तो संग्रह टिकला तो ते सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाच्या माणसांमुळे. एकांतालाही मागे कुणीतरी झाडलोट करणारे, यादी करणारे, दार उघडणारे लागते. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांचे उदाहरण तर दुसऱ्या टोकाचे. १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि ते योग्य आहे, कारण रूपाचा निर्णय त्यांचा. तरी अभियंते, ओतकाम करणारे, जोडकाम करणारे यांच्याशिवाय तो उभा राहिला नसता. एक नाव मुख्य असणे वेगळे आणि एकच नाव असणे वेगळे.

समूह म्हटला की ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चा दाखला हमखास येतो. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे एकत्र आले, १९४९ मध्ये मुंबईत प्रदर्शन केले; त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. दाखला चांगला आहे, पण सहकार्याचा नव्हे. प्रत्येकाने आपापले चित्र रंगवले. सामायिक होती ती भूमिका आणि भिंत. आपल्याकडच्या समूह प्रदर्शनाने एवढे जरी साधले तरी खूप झाले. फक्त त्याला समूह प्रदर्शनच म्हणावे.

जगात अलीकडे खऱ्या सहकार्याकडे ओढ वाढली आहे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या टर्नर पुरस्काराच्या चारही उमेदवारांनी परीक्षकांना विनंती करून तो वाटून घेतला. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलचे ‘डॉक्युमेंटा’ हे महाप्रदर्शन जकार्ताच्या ‘रुआंगरूपा’ या गटाकडे सोपवले गेले, आणि त्यांनी गावाच्या सामायिक धान्यकोठाराची कल्पना पायाशी ठेवून जगभरचे गट बोलावले. पण तिथेच ‘तारिंग पादी’ या गटाच्या जुन्या, मोठ्या फलकात ज्यूद्वेषी चित्रण आढळले आणि तो काढावा लागला. माफी गटाने मागितली. पण निवड, तपासणी, मांडणी यांत कुणाची जबाबदारी किती, यावर वाद पेटला तो पेटलाच. सामूहिकतेचे कौतुक करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने वाचावे. सगळ्यांचे काम म्हणताना जाब विचारायला कुणीच सापडत नसेल, तर तो समूह फक्त आडोसा ठरतो.

राहता राहिला तिसरा, व्यावहारिक आक्षेप: हात इतके मिसळलेले असतील तर वेगळे करायचे कसे? प्रत्येक फटकारा मोजा असे कुणी म्हणत नाही. कल्पना कुणाची, रेखाटन कुणाचे, रंग कुणी लावला, साचा कुणी केला, एवढे फलकावर चार ओळींत मावते. सिनेमाच्या श्रेयनामावलीत शंभर जण मावतात. जळगाव-धुळ्यात याची गरज जास्तच, कारण इथे एकत्र काम करणारे पुष्कळदा समवयस्क नसतात, तर शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी असतात. म्हणजे ग्रिफिथ्स यांचाच प्रश्न, फक्त गोऱ्या साहेबाशिवाय. सर मोठे, मुलगा लहान, आणि ‘सरांनी संधी दिली’ या भावनेपुढे नावाचा विषय काढायला तो धजावत नाही. म्हणून विषय सरांनीच काढावा, तोही काम सुरू होण्याआधी: चित्र विकले गेले तर पैसे कसे वाटायचे, न विकल्यास ते कुणाच्या घरी राहील, पुढे छापायचे झाल्यास परवानगी कुणाची. कायद्याने हे आधीच गंभीरपणे घेतले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, ज्या कामातला एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ते संयुक्त कर्तृत्वाचे काम ठरते, आणि त्याची साठ वर्षांची मुदत सर्वांत शेवटी मरण पावणाऱ्या कर्त्याच्या मृत्यूनंतर मोजली जाते. पन्नाशीतल्या सरांनी आणि विशीतल्या विद्यार्थिनीने मिळून रंगवलेल्या कॅनव्हासचे हक्क कधी संपतील हे बहुधा तिच्या आयुष्यावरून ठरेल. पण त्यासाठी ती त्या चित्राची कर्ती होती हे कुठेतरी लिहिलेले सापडले पाहिजे.