रकाना बदलला, मरण तेच

२८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत एक लेखी उत्तर दिले गेले. हाताने मैला साफ करण्याच्या कामामुळे देशात एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी त्यात सांगितले. पँथरच्या मुशीतून आलेल्या कार्यकर्त्याच्या नावाने हे उत्तर जावे याचा मला विषाद वाटला. पण विषाद करून भागणार नाही. कारण कायद्याच्या भाषेत ते उत्तर बिनचूक होते, आणि खरी गोम तिथेच आहे.

२०१३ च्या कायद्याने या कामाचे दोन तुकडे केले. कोरडे संडास, त्यांचा मैला वाहून नेणारी उघडी गटारे, खड्डे आणि रेल्वेचे रूळ हाताने साफ करणारा तो ‘मैला सफाई कामगार’. भूमिगत गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्याचे काम मात्र ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या कलमात गेले. तिथेही मेख आहे. मालकाने ठरलेली संरक्षक साधने दिली, की तीच सफाई धोकादायक उरत नाही! म्हणून सरकार एका प्रश्नाला ‘शून्य’ म्हणते आणि दुसऱ्या प्रश्नाला, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे गटारे व टाक्या साफ करताना मेली, असे सांगते. दोन्ही उत्तरे एकाच खात्याची. माणूस तोच, घाण तीच, रकाना तेवढा वेगळा.

हे मरण कसे येते, हे आपल्या अभ्यासवर्गांतून सांगितले पाहिजे. बंद टाकीत मैला कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. धोका टळला असे वाटते तेव्हाच तो सर्वांत जवळ असतो. दोनचार श्वासांत माणूस कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. बातमीत एकदम दोन-तीन नावे येतात ती यामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत असेच तिघे गेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला झाला. वास्तविक दहा लाखांचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच घालून दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली.

आता जातीचे. २०१३ आणि २०१८ च्या पाहण्यांत ५८,०९८ मैला सफाई कामगार सापडले. त्यांपैकी ज्यांची जात नोंदली गेली ते ४३,७९७. आणि त्यांत अनुसूचित जातींचे ४२,५९४. म्हणजे शंभरात सत्त्याण्णव. जात हा आता आर्थिक प्रश्न झाला आहे, असे सांगणाऱ्या विद्वानांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि आपणही आपल्याकडे पाहावे. मेलेली ढोरे ओढणे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण सोडले, त्याचा अभिमान सार्थ आहे. पण मेहतर-वाल्मीकी वस्तीतल्या मरणाला आपले मरण मानायला आपल्या चळवळीने किती वेळ लावला? मुंबईच्या सफाई खात्यात बौद्ध कामगार मोठ्या संख्येने आहेत, तरीही हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूला पडतो. एका अभ्यासवर्गात मी हे बोललो तेव्हा सभागृह गप्प झाले होते.

कार्यकर्त्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अशी घटना घडली की पोलीस बहुधा अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे होतात. तिथे २०१३ च्या कायद्याचे कलम सात लावण्याचा आग्रह धरावा. मृत अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचाही, कारण दलिताला मैला सफाईच्या कामाला लावणे हा २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्याखाली गुन्हा ठरला आहे. कामाला कोणी बोलावले, मजुरी किती ठरली होती, मुखवटा आणि दोर होता की नव्हता, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे. त्यासाठी पहिल्या तासा-दोन तासांतच ठाण्यावर पोहोचावे लागते. उशीर झाला तर कागदावर ‘पाय घसरून पडला’ एवढेच राहते.