पाणवठा तुमचा, ससा नाही!

आमच्या टीममधल्या एकाला सध्या 'फार्म प्लॉट'चं वेड लागलंय. जव्हारकडे दोन एकर घ्यायचे, छोटं तळं खणायचं, मिठाचे खडे टाकायचे, झाडावर मचाण बांधायचं. रानडुकरं नि ससे आपोआप येतात म्हणे. पुढचं वाक्य तो जरा हळू बोलतो, एअरगन आहेच! हा फंडा व्हिडिओ बघून आलेला. टेक्सासमध्ये रँचमालक हरणांसाठी खरोखरच ओट आणि क्लोव्हर पेरतात, उंच कुंपण घालतात आणि शिकाऱ्यांकडून डॉलर मोजून घेतात. तिथे तो रीतसर बिझनेस आहे.

इथे तो गुन्हा आहे, बॉस. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली शिकारीची व्याख्या वाचली तर मजा येते. गोळी झाडणं तर सोडाच, फासे लावणं, हाकारा घालून जनावर काढणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळंच शिकार. म्हणजे शिकारीच्या इराद्याने टाकलेला मिठाचा खडासुद्धा! सात-बारा तुमच्या नावावर असला तरी त्यावर चरणारा ससा तुमचा होत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराची गोष्ट वेगळी, पण तिथेही वनाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती वीकएन्डच्या थ्रिलसाठी मिळत नसते.

तसं जमीन 'सजवून' शिकार करणं आपल्याकडेही जुनंच. संस्थानिकांनी ते मोठ्या प्रमाणावर केलं. भरतपूरच्या राजांनी बांध घालून पाणी अडवलं, बदकं उतरली आणि १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय. कोल्हापूरच्या छत्रपतींनी दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखलं. गंमत बघा, राखल्यामुळेच ते टिकलं. १९५८ मध्ये तिथे गव्यांचं अभयारण्य झालं, आज त्यालाच आपण राधानगरी म्हणतो. पण राखीव रानात गावकऱ्याने लाकूड तोडायचं नाही, गुरं चारायची नाहीत, हा त्या 'टिकण्याचा' दुसरा भाग. तो माहितीफलकावर सहसा नसतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी शिरपामाळावर गेलो. जव्हार गावाला लागूनच आहे. १६६४ च्या सुरतस्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, म्हणून शिरपामाळ, असं सांगतात. स्मारक पाहून झालं की लोक फोटो काढून निघतात. मी मात्र पाणी शोधत होतो. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असताना शेजारच्या प्लॉटवर सशांसाठी भरलेलं तळं? मला तरी ते कसंसंच वाटलं.

प्राणी यावेत असं वाटण्यात वावगं काहीच नाही. ते येऊन राहावेत, एवढंच हवं असेल तर खर्चही फारसा नाही. पावसाचं पाणी अडवा, बोअर मारून तळं भरू नका. पाणवठा बशीसारखा उतरता करा, उभ्या भिंतीच्या टाकीत पडलेलं पिल्लू वर येऊ शकत नाही. उघड्या विहिरीला कठडा बांधा, महाराष्ट्रात कितीतरी बिबटे विहिरीत पडतात. उंबर, मोह, करवंद, ऐन असं इथलंच लावा, लॉनचा नाद सोडा. गवत जाळू नका. जाळल्यावर कोवळी पालवी येते आणि चरणारी जनावरं तिकडे ओढली जातात हे खरं, शिकारी तेच करायचे. पण वणवा तुमच्या बांधावर थांबत नाही. कुंपणात करंट सोडणं तर अजिबात नाही. आणि पाळीव कुत्रा रात्री मोकळा असेल तर ससे विसरा.

पण आधी जमीन मिळायला हवी ना! आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ वाचा. त्यातून तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन घ्यायलाही परवानगीच. एजंट 'सगळं मॅनेज होतं' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

मी हे सगळं आमच्या हीरोला सांगितलं. मचाणाचा प्लॅन त्याने कॅन्सल केलेला नाही, फक्त आता तो दुर्बिणींच्या किमती बघतोय. त्याच्या सासऱ्यांची भोरकडे थोडी पडीक जमीन आहे, तिथे उंबर किती वर्षांत धरतो, हा त्याचा परवाचा प्रश्न होता.