गच्चीवर पक्के वाफे बांधताय? आधी मातीचं वजन मोजा

आता गावोगावी स्लॅबची घरं झाली आहेत. घरच्या भाजीसाठी गच्चीवर विटांचे कायमचे वाफे बांधून घेणारेही वाढलेत. हौस चांगली आहे, पण घाईत बांधलेला वाफा स्लॅबला महागात पडतो.

पहिली गोष्ट वजनाची. पाणी प्यालेली एक घनफूट माती जवळपास ५० किलो भरते, म्हणजे सिमेंटची एक गोणीच. १० फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट खोल वाफ्यात ३० घनफूट माती बसते. झाले १५ क्विंटल! विटांचं वजन वेगळंच. घराच्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी चौरस फुटाला साधारण १४ किलो वजन धरतात. हा वाफा ७५ किलो टाकतो.

म्हणून वाफा स्लॅबच्या मधोमध नको. खाली भिंत किंवा बीम असेल तिथंच घ्या. छज्जा आणि बाहेर काढलेली गॅलरी तर टाळाच. मेथी, कोथिंबीर, पालकाला ६ ते ८ इंच खोली पुरते. टोमॅटो, वांग्याला फूटभर लागते. नुसती काळी माती भरू नका. ती जड असते आणि पाणी धरून ठेवते. कोकोपीट आणि गांडूळखत निम्म्याहून जास्त ठेवलं की वजन बरंच उतरतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग गच्चीची मोरी बंद करून दोन दिवस थोडं पाणी साठवा आणि खालून ओल येते का बघा. वाफ्याला वेगळा तळ घेऊन तो विटांवर ३-४ इंच उचला. खालून पाणी वाहून जातं आणि गळती लगेच दिसते. दर दोन-तीन फुटांवर निचऱ्याचा पाइप ठेवा. तोंडाशी खडी आणि जाळी टाका. कठड्याला माती टेकवू नका, भिंत ओली राहते.

वड, पिंपळ, उंबराचं रोप उगवलं की लहान असतानाच उपटा. त्यांची मुळं भेगांत शिरून बांधकाम फोडतात.

घर जुनं असेल, गज उघडे पडले असतील किंवा प्लास्टर पडत असेल तर गच्चीवर वाफा नकोच. तोच वाफा अंगणात, भिंतीपासून दोन फूट सोडून बांधा. नव्या घराचं काम सुरू असेल तर स्लॅब टाकण्याआधीच इंजिनिअरला वाफ्याची जागा सांगा. तेव्हा वाढवलेलं लोखंड नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतं.