चिठ्ठीने निघालेले आजचे वचन

हेर्नहूट हे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातले, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाच्या सीमांजवळचे छोटेसे गाव. बायबलच्या जुन्या करारातून निवडलेली सुमारे १,८०० वचने तिथे एका पात्रात ठेवलेली असतात. दर वर्षी त्यांतून एकेक चिठ्ठी काढून एका वर्षाच्या प्रत्येक दिवसाचे वचन ठरवले जाते. वर्ष उजाडण्याच्या सुमारे तीन वर्षे आधी हे काम उरकते. मग संपादक त्या वचनाला साजेसे नव्या करारातले दुसरे वचन शोधतात आणि खाली एखादे गीताचे कडवे किंवा छोटी प्रार्थना जोडतात. अशी तयार होणारी ‘लोझुंगेन’ ही पुस्तिका आज साठहून अधिक भाषांत निघते. शास्त्रावरची श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती न राहता सोमवारच्या कामधंद्यातही टिकावी, यासाठी ख्रिस्ती परंपरेने जे मार्ग काढले, त्यांतला हा सर्वांत साधा आणि दीर्घायुषी मार्ग म्हणता येईल.

प्रॉटेस्टंट पंथाने बायबल लोकांच्या भाषेत आणून सामान्य माणसाच्या हाती दिले. पण हाती आलेला ग्रंथ रोज उघडला जाईलच असे नाही. फिलिप याकोब श्पेनर यांनी १६७५ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. बायबल घराघरांत, छोट्या मंडळांत वाचले जावे, केवळ धर्मोपदेशकाच्या तोंडून ऐकले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. या विचारातून ‘पायटिझम’ ही भक्तिचळवळ वाढली. काउंट निकोलस फोन झिंझेनडॉर्फ (१७००–१७६०) याच वातावरणात लहानाचे मोठे झाले. श्पेनर तर त्यांचे धर्मपिता. धर्मछळामुळे मोराव्हियातून परागंदा झालेल्या कुटुंबांना झिंझेनडॉर्फ यांनी १७२२ मध्ये आपल्या जहागिरीत आसरा दिला आणि त्यांच्या वस्तीतून हेर्नहूट उभे राहिले. सुरुवातीची पाच वर्षे मतभेदांत गेली. ऑगस्ट १७२७ मध्ये एका प्रभुभोजनाच्या उपासनेत मने जुळली आणि मोरावियन मंडळी खऱ्या अर्थाने एक झाली.

पुढच्याच वर्षी, ३ मे १७२८ च्या संध्याकाळी, झिंझेनडॉर्फ यांनी गीतगायनाच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. गंमत म्हणजे ती बायबलमधली नव्हती, एका स्तोत्रगीताची होती. सकाळी काही जण गावातल्या ३२ घरांत ती सांगत फिरले. हे फिरणे ओळीइतकेच महत्त्वाचे होते, कारण वचन सांगणारा माणूस कोण आजारी आहे, कोणाच्या घरात कुरबुर आहे, कोण खचला आहे याचीही विचारपूस करून येई. १७३१ पासून वचने छापील रूपात येऊ लागली आणि तेव्हापासून एकाही वर्षी खंड पडलेला नाही. १७३२ मध्ये मोरावियन मिशनरी कॅरिबियन बेटांवर गेले, १७३३ मध्ये ग्रीनलंडला. भारतात १८५६ मध्ये त्यांनी लाहौलमधील केलाँग येथे ठाणे उभारले आणि १८८५ मध्ये ते लेहला पोचले. तिथे आजही मोरावियन मंडळी आहे. पुढे जर्मनीची फाळणी झाली आणि हेर्नहूट पूर्व जर्मनीत राहिले, तरी भिंतीच्या दोन्ही बाजूंना सकाळी एकच वचन वाचले जात होते.

चिठ्ठी म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला देवळातला कौल आठवेल. साम्य आहेच. जुने मोरावियन लोक महत्त्वाच्या निर्णयांसाठीही चिठ्ठी टाकत. लग्ने जुळवतानासुद्धा देवाची इच्छा चिठ्ठीने विचारली जाई. सामान्य सभासदांच्या लग्नांसाठीची ही सक्ती १८१८ च्या महासभेने उठवली, आणि ते बरेच झाले. दिवसाच्या वचनाचे मात्र वेगळे आहे. तिथे चिठ्ठीपुढे कोणताही प्रश्न ठेवलेला नसतो, त्यामुळे उत्तराचाही प्रश्न येत नाही. तिचे काम एवढेच की वाचकाच्या हातून निवड काढून घ्यायची. मोकळीक दिली की माणूस सांत्वनाच्या ओळींकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि टोचणारी पाने भराभर उलटतो. चिठ्ठी त्याची आवडनिवड पाहत नाही. अर्थात पात्रात कोणती वचने असावीत हे माणसेच ठरवतात, म्हणजे निवड पुरती संपत नाही. ती फक्त रोजच्या वाचकाकडे उरत नाही.

या वाचनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही ओळखणारा वाचक म्हणजे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर. जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला होते. युद्ध तोंडावर आले होते, अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय मित्रांनी करून ठेवली होती, आणि मन मात्र मायदेशी अडकले होते. २६ जूनला त्यांनी वाचलेल्या एका वचनात पौलाने तीमथ्याला केलेली, हिवाळ्यापूर्वी निघून येण्याची विनंती होती. कैदेतल्या म्हाताऱ्या गुरूने शिष्याला लिहिलेले हे अगदी खाजगी वाक्य. ते दिवसभर आपली पाठ सोडत नाही, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानणे हा शास्त्राचा गैरवापर ठरणार नाही, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. परतण्याचा निर्णय त्यांनी काही दिवस आधीच घेतला होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. वचनाने निर्णय घेतला नाही. घेतलेल्या निर्णयाला त्याने भाषा दिली.

पुढे एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा कट फसला. त्या कटाशी बॉनहोफर यांचा संबंध होता, आणि आता आपले काय होणार याची त्यांना कल्पना होती. दुसऱ्याच दिवशी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात ते काल आणि आज आलेल्या वचनांचा आनंदाने उल्लेख करतात. २१ जुलैचे वचन होते तेविसाव्या स्तोत्रातले, देवाला मेंढपाळ म्हणणारे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले.

याच बॉनहोफर यांनी मात्र १९३९ च्या आपल्या ‘गेमाइनझामेस लेबेन’ या पुस्तकात बजावले आहे की, दिवसाचे वचन कितीही उपकारक असले तरी ते म्हणजे संपूर्ण शास्त्र नव्हे. संदर्भातून सुटलेली ओळ माणूस हवी तशी वाकवू शकतो. सकाळी वर्तमानपत्रातले राशिभविष्य पाहावे तसे वचन पाहणारे वाचकही असतात. म्हणून घरातही सलग, अध्यायामागून अध्याय वाचन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. फिंकनवाल्डे येथील त्यांच्या धर्मशिक्षण केंद्रात विद्यार्थी रोज सकाळी अर्धा तास मौन मनन करीत आणि आठवडाभर एकच उतारा समोर ठेवीत. अनेकांना ते जड गेले. काय विचार करायचा कळत नाही, मन भरकटते, अशा तक्रारी आल्या. भरकटणाऱ्या मनाशी झगडत बसण्यापेक्षा ज्यांच्याकडे ते धाव घेते त्या माणसांना आणि प्रसंगांनाच प्रार्थनेत ओढून घ्यावे आणि मग पुन्हा उताऱ्याकडे यावे, असे बॉनहोफर यांचे सांगणे होते. १९३७ मध्ये गेस्टापोने हे केंद्र बंद केले.

हेर्नहूटच्या पुस्तिकेतही सुट्या ओळीच्या या उणिवेची भरपाई आहे. दर दिवसाच्या दोन वचनांखाली वाचनाचे उतारेही नेमून दिलेले असतात. त्यांतले क्रमवार उतारे चुकवले नाहीत, तर चार वर्षांत संपूर्ण नवा करार वाचून होतो.