१०८ चा डॉक्टर ऑनलाइन काय शिकतो?

डोंबिवलीत कुणाच्या छातीत कळ आली की शेजारी आधी रिक्षा शोधतात. १०८ ला फोन का नाही केला, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "त्या गाडीत असतं कोण? ड्रायव्हर आणि स्ट्रेचर!" महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ 'अ‍ॅडव्हान्स्ड', ७०४ 'बेसिक'. दोन्ही प्रकारच्या गाडीत रुग्णाजवळ डॉक्टर असावा, अशीच सेवेची आखणी आहे. इतर बहुतेक राज्यांत त्या जागी प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो.

मग पुढचा शेरा येतो: "डॉक्टर म्हणजे बीएएमएसच ना?" हो, बरेचसे बीएएमएस आहेत. पण 'इमर्जन्सी मेडिसिन' हा एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे मान्य झाला तोच २००९ साली. त्यामुळे या विषयाचे तज्ज्ञ एकूणच कमी, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या रुग्णालयांत. पदवी कुठलीही असो, गाडीतलं काम वेगळं शिकावंच लागतं. त्यासाठी पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये पदव्युत्तर पदविका आहे. तरीही हात बसतो तो रोजच्या केसमधून, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला आपलं निदान चुकलं की दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला कळतं. गाडीतला डॉक्टर एकटा. कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवला, कागदावर सही घेतली, की निघाला पुढच्या कॉलला. तो हार्ट अटॅक होता की महाधमनी फाटली होती, हे त्याला कधीच कळलं नाही तर पुढच्या वेळी तो शहाणा होणार कसा?

दूरस्थ सामूहिक शिक्षणाचा उपयोग इथे आहे. ऑनलाइन ट्रेनिंग म्हणजे व्हिडिओ लावून द्यायचा, आपण जेवायला बसायचं आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, अशी समजूत डॉक्टरांतही आहे. तसले कोर्स असतातही. माझ्या मते त्यांचा उपयोग शून्य. सामूहिक वर्गात व्याख्यान थोडकं असतं. वेगवेगळ्या ठिकाणचे डॉक्टर ठरल्या वेळी एकत्र येतात. एकजण नाव-पत्ता काढून आपली केस मांडतो. ईसीजी पडद्यावर येतो, "तू इथे काय केलं असतंस?" असं बाकीच्यांना विचारलं जातं, आणि शेवटी तज्ज्ञ बोलतो. ड्यूटी सोडून पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

"असं शिकून कुणाचं भलं झालंय?" झालंय. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हेपटायटिस सीचे उपचार गावोगावच्या साध्या डॉक्टरांना व्हिडिओवरून, केसच्या चर्चेतून शिकवले. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले: विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे होण्याचं प्रमाण ५७.५ टक्के, या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. अर्थात हा आजार सवडीने विचार करू देतो, धावती रुग्णवाहिका देत नाही. म्हणून हे आकडे १०८ ला जसेच्या तसे लावू नयेत.

"हाताचं काम पडद्यावर शिकता येत नाही" हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. सीपीआरमध्ये प्रौढाची छाती किमान ५ सेंटिमीटर, पण ६ पेक्षा जास्त नाही, इतकी दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे पुतळ्यावर घाम गाळूनच येतं. शिवाय प्रमाणपत्र दोन वर्षं चाललं तरी सराव नसेल तर सफाई काही महिन्यांतच उतरते. पडद्यावर शिकायचा तो निर्णय.

आणि निर्णयाची परीक्षा डोंबिवलीने दोनदा पाहिली आहे. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये. दोन्ही वेळा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा वेळी काच लागलेली, चालती-बोलती माणसं आधी जवळच्या रुग्णालयात पोचतात आणि खाटा भरून जातात; अत्यवस्थ माणूस मागून येतो. गंभीरपणानुसार कुणाला लाल पट्टी, कुणाला पिवळी, कुणाला हिरवी, आणि कुणाला कल्याण किंवा ठाण्याला पाठवायचं, हे ठरवण्याचा सराव पडद्यावर उत्तम होतो. नकाशा समोर ठेवायचा, काल्पनिक जखमी एकेक करून सांगायचे, घड्याळ लावायचं. गाडीचे डॉक्टर, शास्त्रीनगर रुग्णालय आणि खासगी दवाखाने एकाच वेळी बसले तरच त्याला अर्थ आहे.

आणखी एक गोंधळ दूर करू. हा वर्ग म्हणजे फोनवरून उपचार नव्हेत; चर्चा केस संपल्यावर होते. प्रत्यक्ष रुग्ण समोर असताना दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला, तरी २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार जबाबदारी रुग्ण ज्याच्या हाती आहे त्याचीच राहते.

डोंबिवली-कल्याणच्या रुग्णालयांना एवढीच विनंती: १०८ ने आणलेल्या रुग्णाचं अंतिम निदान काय निघालं, ते त्याला आणणाऱ्या डॉक्टरला कळवा. ते कळलं नाही तर वर्गात मांडायला त्याच्याकडे केस असते, तिचा शेवट नसतो.