बाळ गेल्यानंतरची रजा
दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आल्यावर दोन-तीन दिवसांतच ऑफिसचा फोन येतो. “मॅडम, रजा कशात टाकू?” विचारणाराही अवघडलेला असतो. “टाका सिकमध्ये,” म्हणून आपण फोन ठेवतो आणि हक्काची भरपगारी रजा तिथेच निसटते. म्हणून हे काम भावाला, नणंदेला, घरात ज्याचे डोके जरा ठिकाणावर असेल त्याला करू द्या. पुढचे सगळे त्यालाच वाचायला दिले तरी चालेल.

आधी डिस्चार्ज कार्ड हातात घ्या. त्यावर गर्भ किती आठवड्यांचा होता ते लिहिलेले असते, आणि सगळी रजा त्या आकड्यावर ठरते. सव्विसावा आठवडा संपण्याआधी गर्भ गेला तर कायदा त्याला गर्भपात म्हणतो. त्यानंतर बाळ मृत जन्मले तर ती प्रसूतीच. म्हणजे कार्डावर ‘२५ आठवडे ५ दिवस’ असेल तर आपण अजून सव्विसाव्या आठवड्यात आहोत. ‘२६ आठवडे’ पूर्ण असतील तर सत्ताविसावा लागला. आकडा खोडलेला, पुसट किंवा नुसताच ‘सहा महिने’ असा असेल तर दवाखाना सोडण्यापूर्वी नीट लिहून घ्या. महिन्याभराने त्याच टेबलावर जाऊन तो कागद मागणे फार जड जाते.

कार्डावर ‘अबॉर्शन’ शब्द दिसला तर घरातल्यांनी बिचकू नये. आपोआप गर्भ पडला तरी डॉक्टर हाच शब्द लिहितात. पाडून घेतला, असा त्याचा अर्थ नव्हे.

गर्भपात झाला असेल तर दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातून आजारपण उद्भवले तर दाखला जोडून आणखी एक महिन्यापर्यंत. या सहा आठवड्यांत आपल्याला कामावर घेणे मालकालाच मना आहे. “घरून थोडे बघता का?” असा प्रेमळ निरोप आला तरी नाही म्हणायला संकोचू नका.

बाळ मृत जन्मले असेल तर पूर्ण प्रसूती रजा मिळते. कायद्याच्या व्याख्येत ‘मूल’ या शब्दातच मृत जन्मलेले मूल येते. ही रजा २६ आठवड्यांची; घरी दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर १२. गेलेले बाळ या मोजणीत धरत नाहीत. अट एवढीच, की आधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत ८० दिवस काम झालेले असावे. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. “बाळच नाही, मग मॅटर्निटी कशी?” असे एखादा क्लार्क सहज बोलून जातो. वाईट हेतूने नव्हे, त्याला खरेच माहीत नसते. जन्मून काही दिवसांनी बाळ गेले, तरी आईची सुरू असलेली रजा तुटत नाही.

आता अर्ज कुठे द्यायचा ते पाहू. कारखान्यात किंवा दहा अथवा अधिक माणसांच्या दुकानात, कार्यालयात काम करत असाल तर कंपनीकडे. हा हक्क १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल तर पैसे कंपनी नव्हे, विमा महामंडळ देते. अर्ज त्यांच्या शाखेत. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये म्हणून पगाराची पावती आधीच पाहून ठेवा.

केंद्र सरकारी नोकरीत २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आहे. बाळ मृत जन्मले किंवा जन्मानंतर २८ दिवसांत गेले तर ती मिळते. मात्र इथे मृतजन्म २८ आठवड्यांपासून धरतात, आणि हयात मुले दोनपेक्षा कमी असावी लागतात. प्रसूती सरकारी किंवा सीजीएचएसच्या यादीतल्या रुग्णालयात झालेली असावी. घाईत दुसरीकडे जावे लागले असेल तर तातडीचा दाखला लागतो, तो विसरू नका.

वडिलांचे काय? खासगी नोकरीत त्यांच्यासाठी कायद्यात काहीच नाही. दहा वर्षांचे मूल गेले तर आईसाठीही नाही. ब्रिटनमध्ये २०२० पासून १८ वर्षांखालचे मूल गेल्यास नोकरदार आई-वडील दोघांनाही दोन आठवड्यांची रजा आहे. आपल्याकडे सुतकाचे दिवससुद्धा नैमित्तिक आणि अर्जित रजेतून जोडावे लागतात. ही मला मोठी उणीव वाटते. तरी कंपनीचे रजेचे नियम मागून पाहा. काही ठिकाणी शोक रजा असते आणि ती कुणी मागतच नाही.

अर्ज ईमेलने द्या. विषयात ‘वैद्यकीय रजा’ लिहू नका. ‘गर्भपातानंतरची रजा’ किंवा ‘प्रसूती रजा’ असेच लिहा, तारखा घाला, कार्डाची प्रत जोडा आणि मूळ कार्ड घरीच ठेवा. या रजेत असताना गैरहजेरीचे कारण देऊन कामावरून काढणे बेकायदा आहे. तसे पत्र आले तर त्यावर सही करून राजीनामा देऊ नका. ते पत्र आणि अर्जाची प्रत घेऊन घरच्या कुणाला तरी कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे पाठवा.